कांचेच्या टांकींतील समुद्रपुष्प

ओहोटीच्या वेळीं खडकाळ किनाऱ्यावर ज्यांनीं एखादी सकाळ घालविली असेल, त्यांस खडकांच्या खळग्यांत सांचलेल्या पाण्यांत एक विलक्षण फूल दिसलें असेल. शेवंतीसारख्या बारीक पाकळ्या, मध्यें एक फट, खालीं आंखूड जाड देंठ, आणि तो देंठ खडकास असा चिकटलेला कीं, उचलूं म्हटल्यास आपलें नख मोडेल, पण देंठ सुटणार नाहीं. बोट जवळ नेलें कीं पाकळ्या आंत ओढल्या जातात आणि फुलाच्या जागीं ओल्या मांसाची एक गोळी उरते. हें फूल नव्हे, हा प्राणी आहे. मराठींत त्यास समुद्रपुष्प म्हणतात व इंग्रजींत सी ॲनिमोनी. पोवळें आणि जेलीफिश हे त्याचे नातलग होत.

अलीकडे या प्राण्याची ओळख मुलांस किनाऱ्यावर होण्यापूर्वीं पडद्यावरच होते. २००३ सालीं ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट निघाल्यापासून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला तो चिमुकला मासा व त्याचें तें डुलणारें घर पुष्कळ मुलांच्या ओळखीचें झालें आहे. मुलगा वडिलांजवळ हट्ट धरतो, वडील दुकानांत चौकशी करितात, आणि मग कोणी तरी आम्हांस विचारतो, “मास्तर, हें घरीं जगतें काय?” या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देणें आम्हांस कधींच साधलें नाहीं. जगतें, माणसाच्या आयुष्याइतकेंही जगतें. परंतु अजाण हातीं पडल्यास तें पंधरा दिवसांतही मरतें, आणि मरतांना एकटें मरत नाहीं.

हें शेवटचें वाक्य आम्ही अनुभवानें लिहीत आहों. आमचें पहिलें समुद्रपुष्प आम्हीं आणलें तें टांकी भरल्यापासून तिसऱ्या आठवड्यांत. चाळीस लिटरांची टांकी. पाणी आरशासारखें स्वच्छ. त्यांत दोन मासे आनंदानें पोहत होते. आणखी काय पाहावयाचें, असें आम्हांस वाटलें. दुकानदारानेंही ‘कांहीं होत नाहीं’ म्हणून सांगितलें, आणि आम्हांस तेंच ऐकावयाचें होतें. पांढरेंशुभ्र, टोंकांशीं किंचित् जांभळें असें तें पुष्प पाहून घरांतील मंडळी खूष झाली. चार दिवस तें उमललें. पांचव्या दिवशीं खडकावरून सुटून कोपऱ्यांत लोळूं लागलें. आम्ही त्यास पुनःपुन्हां उचलून खडकावर बसवूं लागलों. दिवसांतून दोनदां कोलंबीचे तुकडे भरविले, कारण अशक्तास खाऊं घालावें ही आमच्याकडील जुनी समजूत. दहाव्या रात्रीं तें मेलें. सकाळीं पाणी दुधाळ झालें होतें, खोलींत कुजल्याची घाण सुटली होती, व दोन्ही मासे कुशीवर पडले होते. धाकट्या मुलीनें विचारलें, “बाबा, आपण त्याला काय केलं?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आमच्या चुका कोणत्या, हें समजण्यास पुढें बरेच दिवस लागले; त्या ओघानें येतीलच.

प्रथम या प्राण्याची शरीररचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण बाकीचें सर्व तिच्यांतूनच निघतें. समुद्रपुष्प म्हणजे एक पोकळ पिशवी आहे. तळाशीं चिकटून राहण्याचा पाया, वर एकच तोंड, आणि तोंडाभोंवतीं बोटांसारख्या स्पर्शकांचें कडें. याच तोंडानें तें खातें आणि याच तोंडानें चोथा बाहेर टाकतें. मेंदू नाहीं, हृदय नाहीं, रक्त नाहीं, कल्ले नाहींत. स्पर्शकांवर सूक्ष्म दंशपेशी असतात. प्रत्येक पेशींत एक पोकळ दोरा गुंडाळून ठेविलेला असतो. भक्ष्याचा स्पर्श होतांच तो भाल्यासारखा सुटतो व विष टोंचतो. बोटास जो चिकटपणा जाणवतो तो या दोऱ्यांमुळेंच. अंगास ताठपणा येतो तो आंत भरून घेतलेल्या पाण्यामुळें: पाणी घेतलें कीं फूल उमलतें, सोडलें कीं गोळी होते. म्हणजे त्याच्या अंगाच्या आंत व बाहेर पाणी एकच. माशास कल्ले व मूत्रपिंड यांच्या साह्यानें आपल्या रक्तांतील क्षार सांभाळतां येतात. समुद्रपुष्पास ती सोय नाहीं. पाण्याचा खारेपणा बदलला कीं त्याच्या शरीराचाही बदलतो. यास्तव टांकींतील पाणी हें त्याचें घर आहे, असें म्हणणें अपुरें होईल. तें जवळजवळ त्याचें रक्तच आहे. समुद्रपुष्पाची निगा म्हणजे पाण्याची निगा, आणि तीही पाणी उत्तम करण्यापेक्षां आज जसें आहे तसेंच उद्यां ठेवण्याची.

हें किती थोड्या साधनांनीं होऊं शकतें याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. स्कॉटलंडांत एडिंबरो येथें सर जॉन ग्रॅहॅम डॅलिएल नांवाचे गृहस्थ राहत असत. १८२८ सालीं त्यांनीं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प आणून कांचेच्या बरणींत ठेविलें. त्या वेळीं घरांत वीज नव्हती, पंप नव्हता, बाजारांत तयार समुद्रमीठ नव्हतें. डॅलिएल समुद्राचें ताजें पाणी माणसाकरवीं घरीं आणवीत, बरणींतील पाणी नियमानें बदलीत, आणि अधूनमधून शिंपल्यांतील मांसाचा तुकडा खावयास घालीत. १८५१ सालीं ते वारले; समुद्रपुष्प जिवंतच होतें. तें एका विद्वानाकडून दुसऱ्याकडे, असें हातोहात जात शेवटीं एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्यें आलें. लोक त्यास ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई म्हणूं लागले, आणि तिला पाहावयास येणारांच्या सह्यांसाठीं वही ठेविली गेली. १८५७ च्या वसंतऋतूंत या आजीबाईनें एका रात्रींत दोनशेंहून अधिक पिलांस जन्म दिला. १८८७ च्या ऑगस्टांत ती मेली, तेव्हां बरणींत येऊन तिला एकोणसाठ वर्षें झालीं होतीं. आणि किनाऱ्यावरून आणली तेव्हांच ती निदान सात वर्षांची असावी, असा डॅलिएल यांचा अंदाज होता. तिला सांभाळणारे एकामागून एक वारले, आजीबाई राहिली. आमच्या घरांत एकोणसाठ वर्षें टिकलेली वस्तु म्हणजे आमच्या आजीचा तांब्याचा हंडा, एवढी एकच.

तथापि ही हकीकत ऐकून दुकानांतील समुद्रपुष्प कोणी बरणींत घालूं नये. दोहोंत मोठा भेद आहे. थंड समुद्रांतील आजीबाईची जात केवळ मांसाहारी. तिला दिव्याची गरज नाहीं. उलट, उष्ण समुद्रांतील जीं समुद्रपुष्पें दुकानांत मिळतात, त्यांतील बहुतेकांच्या मांसांत अतिसूक्ष्म शैवालपेशी वस्ती करून असतात. या पेशी झाडाच्या पानांप्रमाणें प्रकाशावर अन्न तयार करितात व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतात. यजमान त्यांस आसरा देतो व आपल्या शरीरांतील टाकाऊ नत्र पुरवितो. असा हा अर्धा प्राणी व अर्धा बगीचा. आणि बगीच्यास ऊन पाहिजे. खिडकीचा उजेड पुरत नाहीं, दिवाणखान्यांतील साधा दिवाही पुरत नाहीं. टांकीवर बसवावयाचे प्रखर एल. ई. डी. दिवे मिळतात; ते दररोज नऊ-दहा तास, ठराविक वेळीं लावावे. नवा दिवा पहिल्याच दिवशीं पूर्ण तेजानें न लावतां दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, नाहीं तर अंधाऱ्या पिशवींतून आलेला प्राणी पोळतो.

समुद्रपुष्पाचा तपकिरी किंवा सोनेरी रंग मुख्यतः या पेशींचाच असतो. उष्णता फार वाढली, अंधार झाला किंवा अन्य हाल झाले म्हणजे या पेशी नाहींशा होतात व पुष्प पांढरें पडतें. १९९८ सालीं हिंदी महासागराचें पाणी नेहमींपेक्षां अधिक तापलें, तेव्हां लक्षद्वीप व मालदीव येथील पोवळीं पांढरीं पडलीं, तीं याच कारणानें. आम्ही ज्या शुभ्रपणावर भाळलों होतों, तें उपासमारीचें लक्षण होतें. कांहीं व्यापारी अशा पांढऱ्या पुष्पांस भडक पिवळा वा निळा रंगही चढवितात. तीं तर मुळींच घेऊं नयेत. विकत घेतांना तोंड मिटलेलें आहे काय, पाया फाटलेला नाहीं ना, व तें कांचेस घट्ट धरून आहे काय, एवढें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.

आतां पाण्याकडे वळूं. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत स्वयंपाकाचें मीठ पुष्कळ, पण तें एकटेंच नव्हे: मॅग्नेशियम सुमारें १.३ ग्रॅम, कॅल्शियम सुमारें ०.४ ग्रॅम, पोटॅशियम तितकेंच, शिवाय गंधकाचे क्षार. म्हणून वाण्याकडच्या मिठाचें पाणी चालत नाहीं. टांकीसाठीं तयार केलेलें समुद्रमीठ आणावें, तें आर. ओ. यंत्रानें गाळलेल्या पाण्यांत आदल्या दिवशीं विरघळवावें, आणि पंपानें रात्रभर ढवळत ठेवून मग वापरावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो, तें तसेंच ओतूं नये. तांब्याच्या भांड्यांतील पाणी पिण्यास कितीही चांगलें मानोत, टांकींत तें विष आहे. तांब्याचा लहानसा अंशही समुद्रपुष्पास सहन होत नाहीं. वर सांगितलेला आमचा हंडा या कामीं बाद. माशांच्या पुष्कळ औषधांतही तांबें असतें, म्हणून मासा आजारी पडल्यास त्यास वेगळ्या भांड्यांत काढून औषध द्यावें.

किनाऱ्याजवळ राहणारांस वाटेल कीं, समुद्राचें पाणी फुकट असतांना मीठ विकत कशाला घ्यावें? आम्हांसही तसें वाटलें होतें. एका श्रावणांत आम्ही कॅन घेऊन खाडीच्या मुखाशीं गेलों असतां जाळें विणीत बसलेले एक म्हातारे तांडेल म्हणाले, “मास्तर, आत्ता नका नेऊ पाणी. खाडीला गोडं पाणी आलंय.” आम्हीं मापून पाहिलें तों खारेपणा निम्म्याहून खालीं आलेला. पावसाळ्यांत नद्यांचें पाणी उतरतें, बंदराजवळ तेल व सांडपाणी असतें. तेव्हां समुद्राचें पाणी घ्यावयाचेंच तर तें उन्हाळ्यांत, मोकळ्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळीं घ्यावें, व प्रत्येक वेळीं मापून पाहावें. मापण्यासाठीं क्षारमापक नळी किंवा दुर्बिणीसारखें लहान यंत्र मिळतें. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ असावें.

लहान टांकीची खरी अडचण येथें आहे. पाण्याची वाफ होते, पण क्षारांची होत नाहीं. चाळीस लिटरांच्या टांकींत ३५ च्या मानानें १४०० ग्रॅम क्षार असतात. चार दिवसांत दोन लिटर पाणी उडालें, तर तेच १४०० ग्रॅम ३८ लिटरांत राहतात, म्हणजे खारेपणा जवळजवळ ३७ होतो; आठवडाभर दुर्लक्ष केलें तर ३८ च्या वर जातो. तेवढेंच दोन लिटर ४०० लिटरांच्या टांकींतून उडालें, तर फरक पडतो तो ३५ वरून ३५.२ चा. लोकांस लहान टांकी सोपी वाटते. वस्तुतः ती अधिक कठीण, कारण तिला चूक पोटांत घालतां येत नाहीं. यावर उपाय मात्र फुकटचा आहे. कांचेवर पाण्याच्या उंचीची एक खूण करावी आणि दररोज सकाळीं त्या खुणेपर्यंत गाळलेलें गोडें पाणी घालावें. गोडें, खारें नव्हे. उडालेल्या पाण्याच्या जागीं खारें पाणी घालणारांची टांकी महिन्याभरांत लोणच्याची बरणी होते. याशिवाय आठवड्यांतून एकदां दहावा हिस्सा, म्हणजे चाळीस लिटरांतून चार लिटर, जुनें पाणी काढून त्याच खारेपणाचें व त्याच उष्णतेचें नवें पाणी घालावें.

आमची सर्वांत मोठी चूक घाईची होती. पाणी स्वच्छ दिसतें म्हणजे तें शुद्ध असतें असें नाहीं. माशांच्या मलमूत्रापासून व उरल्यासुरल्या अन्नापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो, तो अत्यंत विषारी. खडकांवर व वाळूंत कांहीं जीवाणू वाढतात. त्यांतील एक प्रकार अमोनियाचें नायट्राइट करितो, दुसरा नायट्राइटचें नायट्रेट करितो, आणि नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी असल्यामुळें पाणी बदलून काढून टाकतां येतें. या जीवाणूंची वस्ती नव्या टांकींत बसण्यास साधारणपणें चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं; तो तपासण्याचे थेंब व रंगाचा तक्ता दुकानांत मिळतो, आणि त्याचा खर्च समुद्रपुष्पाच्या किंमतीपुढें कांहींच नाहीं. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्हीं शून्य झाल्यावर मासा आणावा. समुद्रपुष्प तेव्हांही आणूं नये. टांकीस निदान सहा महिने होऊं द्यावे. या सहा महिन्यांत टांकीपेक्षां आपणच अधिक तयार होतों: पाणी भरण्याची, मापण्याची, वहींत टिपून ठेवण्याची संवय लागते. ज्या मुलास सहा महिने रिकाम्या टांकीचें पाणी मापण्याचा कंटाळा येत नाहीं, त्यास वडिलांनीं पुष्प खुशाल आणून द्यावें, असें आमचें मत आहे.

पाण्यास हवा लागते व हालचाल लागते. १८४६ सालीं ॲना थिन नांवाच्या बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळीं लंडनला नेलीं होतीं. समुद्राचें ताजें पाणी तेथें सहज मिळेना, तेव्हां त्या तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं या भांड्यांतून त्या भांड्यांत असें दररोज बराच वेळ ओतवीत असत. हें काम मोलकरणीच्या वांट्यास येई. आज तेंच काम लहानसा पंप करितो. पण वीज गेली कीं पंप बंद होतो, आणि आमच्याकडे वीज नेमकी पावसाळ्याच्या रात्रीं जाते. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरांत असावा. तोही नसेल तर तांब्या हातीं घ्यावा. स्टीलचा.

उष्णतेचा प्रश्न आमच्या हवेंत थंडीहून बिकट आहे. पाणी २४ ते २७ अंशांत असावें. तीसच्या वर गेलें कीं शैवालपेशी सुटूं लागतात. वैशाखांत बंद खोलींतील टांकी दुपारीं सहज बत्तिसावर जाते. टांकी उन्हांत ठेवूं नये, झांकण काढून पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा; त्यानें दोन-तीन अंश उतरतात, मात्र वाफ अधिक होते व गोडें पाणी अधिक घालावें लागतें. पाणी थंड करण्याचीं यंत्रें मिळतात. तीं महाग असतात व आवाज करितात. बर्फ टांकींत टाकूं नये. त्यानें उष्णता व खारेपणा दोन्ही एकदम बदलतात.

अन्नाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे, कारण थोडेंच द्यावयाचें असतें. आठवड्यांतून एकदां, फार तर दोनदां, कोलंबीचा किंवा माशाचा तोंडाहून लहान असा तुकडा चिमट्यानें स्पर्शकांवर ठेवावा. मसाला व मीठ लावलेलें कांहींही नको. तुकडा घेतला नाहीं तर काढून घ्यावा. दुसऱ्या दिवशीं तोंडांतून तपकिरी गोळी बाहेर पडते, ती चोथ्याची असते. पाहून घाबरूं नये, उचलून टाकावी. अशक्त पुष्पास जबरीनें भरविलेलें अन्न तें न पचवितां ओकून टाकतें आणि तें अन्न पाण्यांत कुजतें. आम्हीं नेमकें तेंच दिवसांतून दोनदां केलें. टांकींत हात घालण्यापूर्वीं साबण, अत्तर, तेल, डांस-प्रतिबंधक मलम हें सर्व धुऊन टाकावें, आणि झुरळांचें औषध त्या खोलींत फवारूं नये.

समुद्रपुष्प एका जागीं बसणारें दिसतें, पण तें चालतें. पायावर सरकत रात्रींतून हातभर जाईल. प्रकाश, प्रवाह व आधार हीं तिन्हीं मनासारखीं मिळेपर्यंत तें फिरतें, व मिळालीं कीं महिनेच्या महिने हलत नाहीं. त्याची जागा त्यास निवडूं द्यावी. उचलून बसविल्यास पाया फाटतो. धोका पंपाचा असतो. पंपाच्या तोंडाशीं गेलेलें पुष्प ओढलें जाऊन त्याचे तुकडे होतात, म्हणून पुष्प येण्यापूर्वींच त्या तोंडास स्पंज बांधून घ्यावा. तें दिवसांतून एखादे वेळीं मिटतें, पाणी टाकून पुन्हां भरून घेतें. हें श्वास टाकण्यासारखें समजावें. काळजी करावी ती तोंड सैल पडून उघडें राहिलें, स्पर्शकांचा चिकटपणा गेला, पाया सुटला, किंवा अंगाचे धागे निघूं लागले तर. अशा वेळीं नाक पाण्याजवळ न्यावें. जिवंत समुद्रपुष्पास समुद्राचा वास येतो, मेलेल्याची घाण ओळखण्यास शिकवावें लागत नाहीं. तसा वास आल्यास आशा न धरतां तें त्याच क्षणीं बाहेर काढावें व निम्में पाणी बदलावें. रात्रभर वाट पाहिली तर मासेही जातात.

कोणतें आणावें, हा प्रश्न पालक नेहमीं विचारतात. दुकानांतील ‘बबल-टिप’ म्हणून ओळखली जाणारी जात त्यांतल्या त्यांत सोशीक. तिच्या स्पर्शकांचीं टोंकें फुग्यासारखीं फुगतात. तीही फुटभर वाढूं शकते, म्हणून तिला शंभर लिटरांहून लहान टांकी देऊं नये. गालिच्यासारखी पसरणारी जात घरांत आणूंच नये. ती दीड-दोन फुटांची होते आणि शेजारचा मासा गिळते. आणि ज्याच्यासाठीं हा सर्व हट्ट, त्या नारिंगी माशास टांकींत समुद्रपुष्प लागतच नाहीं. समुद्रांत शत्रु असतात म्हणून तो त्याच्या आश्रयास जातो. समुद्रपुष्पांच्या हजारावर जातींपैकीं अवघ्या दहा जाती त्यास आश्रय देतात. टांकींत शत्रु नाहीं. मुलास मासाच हवा असेल तर नुसता मासा आणावा.

चाळीस लिटरांच्या टांकींत आमच्याकडे आज आहेत तीं किनाऱ्यावरचीं दोन लहान समुद्रपुष्पें, अंगठ्याएवढीं. तीं खडकावरून खरवडून काढलेलीं नाहींत. हातांत मावेल अशा सुट्या दगडावर बसलेलीं होतीं, तीं दगडासकट आणलीं. दुपारचें ऊन व पावसाची सर सोसण्याची त्यांस उपजत संवय असते, त्यामुळें आमच्यासारख्या चुकणारांस तीं क्षमा करितात. परंतु यालाही मर्यादा आहे. फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं ‘द ॲक्वेरियम’ हें पुस्तक काढल्यावर इंग्लंडांत घरोघरीं अशा टांक्या झाल्या, आणि हौशी लोकांनीं टोपल्या भरभरून प्राणी नेल्यामुळें किनाऱ्यावरचे खळगे उजाड झाले. गॉस यांच्या मुलानेंच १९०७ सालीं तें खेदानें लिहून ठेविलें. म्हणून एक-दोहोंहून अधिक आणूं नयेत. मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या राखीव जागीं कशासही हात लावूं नये, आणि पोवळें तर कोठूनही उचलूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें मना आहे. ठेवणें न जमल्यास किनाऱ्यावरून आणलेलें पुष्प जेथून आणलें तेथेंच परत सोडावें; दुकानांतलें पुष्प किंवा त्याचें पाणी मात्र समुद्रांत कधींही टाकूं नये.

राहतां राहिली सुटीची गोष्ट. मे महिन्यांत आपण गांवीं जातों, आणि टांकी शेजाऱ्यांवर सोंपवितों. शेजारी भले असतात. त्यांस वाटतें, परक्याचें जनावर उपाशी राहूं नये, आणि ते रोज मूठभर खाद्य घालितात. आम्ही जातांना खाद्याचा डबा कपाटांत बंद करून जातों. पाण्याचा एक कॅन, त्यावर ‘गोडें पाणी’ अशी मोठी अक्षरें, कांचेवरची खूण दाखविणारी कागदी पट्टी, आणि शेजारच्या काकूंना एवढेंच सांगणें: “रोज सकाळीं खुणेपर्यंत हें पाणी घाला, काकू. फूल मिटलेलं दिसलं तरी काळजी करूं नका. वास आला तर मात्र लगेच फोन करा.” पंधरा दिवस न खातां समुद्रपुष्पास कांहीं होत नाहीं.